वाचकांचे प्रश्न : वाडी-वस्तीवरील सौरऊर्जा आणि तिच्यामागचा उद्योग

दुर्गम वस्त्यांवर सौरऊर्जा पोहोचवणाऱ्या सामाजिक उद्योजकांविषयी मागील अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर आलेली पत्रे मी सलग वाचली, तेव्हा असे दिसले की बहुतेक वाचकांनी संच कोणता घ्यावा आणि अनुदान किती मिळते, हे विचारले आहे. बसवलेला संच तीन वर्षांनी कोण सांभाळणार, हे मात्र दोघा-तिघांनीच विचारले आहे. या कामाचे गाडे अडते ते नेमके तिथे, असा माझा अनुभव असल्यामुळे उत्तरे देताना मी वारंवार त्या मुद्द्याकडे वळले आहे. वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी संगणक अभियंता असून हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी राजगड, मुळशी, भोर या तालुक्यांत भटकंती होते आणि डोंगरावरच्या वस्त्यांमधील अंधार पाहून मन अस्वस्थ होते. नोकरी सोडून या वस्त्यांसाठी सौरऊर्जेचा सामाजिक उद्योग उभारावा, असे वाटते. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आपली तळमळ पत्रातून जाणवते आणि तिचे मी मनापासून स्वागत करते. तथापि राजीनामा देण्यापूर्वी, आपण ज्याला अंधार म्हणता तो नेमका कशाचा आहे, हे तपासून घ्यावे. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सौभाग्य योजना जाहीर केल्यानंतर ग्रामीण घरांपर्यंत तारा नेण्याच्या कामाने वेग घेतला. त्यामुळे आज पुष्कळ वस्त्यांवर तार आणि मीटर दोन्ही आहेत, परंतु पावसाळ्यात झाड पडून खांब वाकला किंवा रोहित्र जळाले की दुरुस्ती होईपर्यंत दिवसचे दिवस जातात आणि एरवीही दाब इतका कमी असतो की दिवा जेमतेम मिणमिणतो. तार मुळीच नसणे आणि तार असून वीज भरवशाची नसणे, या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या ठिकाणी संपूर्ण वस्तीला पुरेल असा छोटा सौरप्रकल्प लागतो. दुसऱ्या ठिकाणी घरापुरता दिवा, आरोग्य उपकेंद्रासाठी बॅटरीचा आधार किंवा गिरणी, नळपाणी यांसारख्या एखाद्या ठरावीक कामापुरती वीज पुरेशी होते.

हा फरक न ओळखल्याने काय होते, याचे उदाहरण बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात सापडते. २०१४ साली ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने तिथे १०० किलोवॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. गावकऱ्यांनी मात्र त्याच सुमारास मुख्यमंत्र्यांकडे ‘खऱ्या’ विजेची मागणी केली. पंखा, दूरचित्रवाणी संच, फ्रीज अशा गोष्टी त्यांनाही हव्या होत्या आणि त्यात वावगे काहीच नव्हते. थोड्याच काळात सरकारी वीज गावात पोहोचली. तिचा दर सौरप्रकल्पाच्या दरापेक्षा कमी होता. इकडे बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलण्याची सोय झाली नाही आणि काही वर्षांतच प्रकल्प बंद पडला. यंत्रसामग्री चांगली होती आणि हेतूही चांगला होता. परंतु तार आली तर आपले स्थान काय, आणि बॅटरीचे पैसे कोण भरणार, या प्रश्नांची तरतूद आधी झालेली नव्हती.

याच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातील दरेवाडीचे उदाहरण ठेवून पाहावे. पुण्यातील ग्रामऊर्जा या कंपनीने जुन्नरच्या डोंगराळ भागातील या वाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचा प्रकल्प उभारला आणि ३९ घरांना वीज दिली. उभारणीचा खर्च एका मोठ्या कंपनीच्या साहाय्याने झाला, पण चालवण्याचा खर्च गावाने स्थापन केलेल्या न्यासाने उचलायचा, असे पहिल्यापासून ठरलेले होते. प्रत्येक घराला मीटर बसला आणि वापराप्रमाणे दरमहा रक्कम गोळा करण्याची पद्धत लागली. ३९ घरांची वाडी हिशेब ठेवू शकते, ही गोष्ट मला त्या प्रकल्पाच्या किलोवॅटपेक्षा अधिक मोलाची वाटते. आपणही असे काही करू इच्छीत असाल, तर कायद्याची एक तरतूद ठाऊक असू द्यावी : राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात स्वतः वीज निर्माण करून तिचे वितरण करणाऱ्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १४ नुसार वितरणाचा परवाना घ्यावा लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र पाळावेच लागतात.

आता पैशांविषयी. गरीब कुटुंबाला सौरसंच परवडत नाही, म्हणून तो फुकट वाटावा, असे शहरात बसून सहज वाटते. कर्नाटकातील सेल्को या कंपनीने १९९५ पासून नेमका याच समजुतीला छेद दिला. तिचे एक संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी सांगितलेला एका रस्त्यावरच्या विक्रेतीचा अनुभव या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे : महिन्याला तीनशे रुपये तिला जड जात होते, पण रोजचे दहा रुपये ती सहज देऊ शकत होती. तिची मिळकत रोजची होती, म्हणून हप्ताही रोजचा हवा होता. सेल्कोने ग्रामीण बँकांच्या शाखांशी बोलून कर्जाचे हप्ते ग्राहकाच्या मिळकतीच्या चालीप्रमाणे बसवून घेतले आणि दुरुस्तीसाठी जवळपास शाखा उघडल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कुटुंबांना अपारंपरिक ऊर्जेसाठी दिलेले १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे ज्याला कर्जाचा ठरावीक वाटा देणे बँकांवर बंधनकारक आहे त्या क्षेत्रात, धरले जाते. तरीही हा नियम शाखेतील अधिकाऱ्याला आपणच दाखवावा लागतो, याची तयारी ठेवावी.

आपल्या वस्त्यांवर रोजची मिळकत क्वचितच असते. भात विकल्यावर एकदा, हिरडा गोळा केल्यावर एकदा, मजुरीला खाली उतरल्यावर काही आठवडे, अशी ती येते. त्यामुळे वसुलीची पद्धत ठरवण्याआधी प्रत्येक घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो, याची नोंद करावी. मेणबत्त्या, विजेरीचे सेल, मोबाइल चार्ज करण्यासाठी खालच्या गावात मोजावे लागणारे पैसे आणि दळणासाठी लागणारे जीपभाडे यांची बेरीज पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा मोठी निघते. त्या बेरजेच्या आत आपला हप्ता बसला पाहिजे.

शेवटची सूचना अशी की, लगेच स्वतःची कंपनी काढू नये. वर उल्लेखिलेली ग्रामऊर्जा, उरुळीकांचनहून सुरू झालेली आणि आता देशभर काम करणारी बाएफ ही ग्रामविकास संस्था, डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेली आरती ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था, लातूर-धाराशिव भागातील भूकंपानंतरच्या कामातून वाढलेली स्वयम् शिक्षण प्रयोग आणि अपारंपरिक ऊर्जेचे काम पाहणाऱ्या राज्य शासनाच्या महाऊर्जेचे मुख्यालय, अशा अनेक संस्था पुण्यातच आहेत. यांपैकी एखाद्या संस्थेसोबत किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढावा. नोकरी सोडण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

प्रश्न : आमच्या वाडीत एका दानशूर मंडळाने सौर पथदिवे बसवून दिले. दोन वर्षे ते छान चालले. आता निम्म्याहून अधिक दिवे बंद आहेत. मंडळाचे लोक म्हणतात, आमचे काम बसवण्याचे होते. ग्रामपंचायत म्हणते, दिवे आमचे नाहीत. माल खराब होता, असे समजावे काय?
— एक शिक्षक, जुन्नर तालुका

उत्तर : माल खराब असू शकतो, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. चांगले पॅनेल वीस-पंचवीस वर्षे वीज देते. शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी मात्र नीट सांभाळली तर तीन ते पाच वर्षे टिकते, आणि न सांभाळली तर दोन वर्षांत मान टाकते. आपले दिवे बॅटरीच्या आयुष्याबरहुकूम बंद पडत आहेत.

तरीही सगळ्या बॅटऱ्या गेल्या, असे गृहीत धरू नये. अशा तक्रारींवर जाताना मी सोबतच्या तंत्रज्ञाला नेहमी एकच क्रम पाळायला सांगते. आधी पॅनेलवर धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा वाढलेल्या फांदीची सावली आहे का, ते पाहावे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीदेखील वीज मोठ्या प्रमाणात घटवते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आपल्या अक्षांशाजवळच्या कोनात, म्हणजे पुणे जिल्ह्यात साधारण अठरा-वीस अंशांत, झुकलेले असावे. वाऱ्याने ते फिरले असेल तर सरळ करावे. मग बॅटरीची पेटी उघडावी. टोकांवर हिरवट-पांढरा खार साचलेला असेल, तर जोडणी सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती टोके घासावीत, कोरडी करावीत, पुन्हा घट्ट आवळावीत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. हे करताना सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये आणि हातमोजे घालावेत. पाण्याची पातळी खाली गेली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घातले की बॅटरीतील प्लेटा कायमच्या बिघडतात. एवढ्यावर काही दिवे त्याच संध्याकाळी लागलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट तपासावी. कंट्रोलर नावाची छोटी डबी बॅटरी पूर्ण रिकामी होण्याआधी दिवा बंद करते. लोकांना वाटते की हीच डबी दिवा बंद पाडते, म्हणून कोणीतरी तिला वळसा घालून तार थेट बॅटरीला जोडतो. महिनाभर दिवा रात्रभर जळतो, सगळे खूश होतात आणि मग बॅटरी कायमची जाते. यात कोणाचा खोडसाळपणा नसतो. डबी कशासाठी आहे, हे बसवणाऱ्यांनी सांगितलेलेच नसते.

मुख्य गोष्ट मालकीची आहे. दिवे कोणाचे, हे ठरल्याशिवाय नव्या बॅटऱ्या आणू नयेत, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा ‘ये रे माझ्या मागल्या’. ग्रामसभेत ठराव करून दिवे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवून घ्यावेत. तसे झाल्यावर वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेल्या, निधीतून देखभालीची मागणी करणे सोपे जाते. त्याखेरीज वाडीची स्वतःची पुंजी हवी. तीस घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाला अठरा हजार आणि तीन वर्षांत चोपन्न हजार रुपये जमतात. हे पैसे अध्यक्षांच्या घरी न ठेवता बँकेतील संयुक्त खात्यात ठेवावेत, पावती पुस्तक छापून घ्यावे आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी शाळेच्या फलकावर लिहावा. आपण शिक्षक आहात. हे शेवटचे काम आपल्या हातून उत्तम होईल.

प्रश्न : आमच्या बचत गटाला सौरऊर्जेवरची पिठाची गिरणी घ्यायची आहे. वस्ती साठ घरांची आहे. दळण घेऊन बायकांना खालच्या गावात जावे लागते आणि वीज नसली तर डबा तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी परत जावे लागते. एका विक्रेत्याने महिन्याला पंधरा हजार रुपये सुटतील, असे सांगितले आहे. कर्ज काढावे का?
— बचत गटाच्या एक सचिव, राजगड तालुका

उत्तर : ताई, आपला प्रश्न सर्वांत अगत्याचा आहे, म्हणून त्याचा हिशेब आपण पूर्ण मांडू. आकडे मी उदाहरणादाखल घेते. आपण त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७५० वॅटची छोटी गिरणी तासाला साधारण सात-आठ किलो धान्य दळते असे धरू. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ती सौरऊर्जेवर चार-साडेचार तास पूर्ण ताकदीने चालते असे मानले, तर दिवसाला सुमारे बत्तीस किलो दळण होईल. किलोला सात रुपये दळणावळ धरली तर दिवसाचे २२४ रुपये होतात आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५,६०० रुपये. विक्रेत्याने सांगितलेले पंधरा हजार या गिरणीतून निघणे अवघड आहे, हे इथेच स्पष्ट होते.

पुढे पावसाळा येतो. आपल्या तालुक्यात जून ते सप्टेंबर सूर्याचे दर्शन दुर्लभ असते. त्या चार महिन्यांत एक-तृतीयांश काम झाले तरी महिन्याला १,९०० रुपयांच्या आसपासच मिळतील. आठ कोरडे महिने आणि चार ओले महिने मिळून वर्षाची जमा सुमारे ५२,००० रुपये होईल. दीड लाखाचे कर्ज अकरा टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३,९०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास ४७,००० रुपये बसतो. गिरणीवर बसणाऱ्या बाईच्या मेहनतान्याला आणि दुरुस्तीला मिळून उरतात जेमतेम पाच हजार रुपये. हा व्यवहार या रूपात करू नये, असे मी स्पष्ट सांगते.

पण म्हणून बेत सोडून देण्याचेही कारण नाही. हिशेब तीन ठिकाणी सुधारता येतो. पहिले म्हणजे दळणाखेरीज मिरची, हळद, मसाला कुटण्या-दळण्याचे काम घ्यावे. त्याचा किलोचा दर पिठापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि ते काम मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हात येते. दुसरे म्हणजे अनुदान. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली ग्रामीण भागातील महिला उद्योजकांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते आणि स्वतःचा हिस्सा पाच टक्के भरावा लागतो. अनुदानाची रक्कम लगेच हाती येत नाही. ती तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. म्हणून पहिल्या तीन वर्षांच्या हप्त्यांची सोय आपल्यालाच करावी लागेल. अर्ज गटाच्या नावाने करावा की एका सदस्येच्या, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावे. तिसरे म्हणजे हप्त्याची रचना. कोरड्या महिन्यांत मोठा आणि पावसाळ्यात लहान हप्ता, अशी मागणी बँकेकडे लेखी करावी. बचत गटांसाठीच्या शासनाच्या उमेद अभियानाच्या आपल्या प्रभाग समन्वयकांना सोबत नेले तर शाखेत ऐकून घेतात.

वस्तीवर तारेची वीज दिवसाकाठी काही तास तरी येत असेल, तर दोन्हींवर चालणारी मोटर मागावी. पावसाळ्याचा प्रश्न त्याने बराच हलका होतो.

विक्रेत्याला होकार देण्यापूर्वी गटातील दोघींनी एक महिनाभर वहीत नोंद ठेवावी : कोणत्या घरातून, कोणत्या दिवशी, कोणते धान्य, किती किलो दळायला गेले. आपल्याकडे भात मुख्य आहे. तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकरीचे पीठ सोडले तर दळण बेताचेच असते. साठ घरांतून रोज तीस किलो येईल की पंधरा, हे वहीच सांगेल. भात भरडण्याची गरज जास्त दिसली तर यंत्र वेगळे लागेल, मोटरही मोठी लागेल आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. गिरणी वस्तीवर आल्याने बायकांची पायपीट वाचते, हा लाभ या आकड्यांत कुठेच धरलेला नाही आणि तो मोठा आहे, हे मी जाणते. परंतु हप्ता थकला तर बँक गटाचे पुढचे कर्ज अडवते, आणि ज्यांची पायपीट वाचवायची त्यांच्यावरच ते ओझे येऊन पडते.

प्रश्न : अशा कामासाठी न्यास नोंदवावा की कंपनी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : पैसा कोठून येणार, यावर हे ठरवावे. देणग्या आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा मुख्य आधार असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास किंवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील, म्हणजे नफा सभासदांत न वाटणारी, कंपनी योग्य ठरते. त्याच अधिनियमाच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. ती राबवणारी संस्था म्हणून साध्या खासगी मर्यादित कंपनीला घेता येत नाही. विक्री, सेवा आणि कर्ज यांवर काम उभे करायचे असेल तर खासगी मर्यादित कंपनी सोयीची आहे. अनेकजण पुढे दोन्ही ठेवतात. सुरुवातीलाच दोन्ही काढण्याची घाई करू नये. दोन्हींचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे भरता भरता वस्तीवर जायला वेळ उरत नाही.

प्रश्न : पतीच्या स्मरणार्थ एका आदिवासी वस्तीला सौरकंदील देण्याची इच्छा आहे. दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. कोणत्या कंपनीचे कंदील चांगले?
— एक निवृत्त प्राध्यापिका, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या भावनेचा आदर ठेवून एक वेगळी विनंती करते. या रकमेचा मोठा भाग कंदिलांवर खर्च न करता वस्तीवरील एखाद्या तरुणीच्या किंवा तरुणाच्या प्रशिक्षणावर आणि त्यानंतरच्या दोन वर्षांच्या मानधनावर खर्च करावा.

राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजने हे करून दाखवले आहे. शाळेची पायरीही न चढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या ग्रामीण स्त्रिया तिथे सुमारे सहा महिने राहून सौरसंच जोडणे आणि दुरुस्त करणे शिकतात. तारांचे रंग, भागांचे आकार आणि हाताची सवय यांवर सारे शिक्षण बेतलेले असते. या स्त्रिया गावात परततात आणि बहुधा गावातच राहतात, हा त्यातील मोठा लाभ आहे. तरुण मुलगा तीच विद्या शिकला की चाकण किंवा भोसरीतील कारखान्यात लागण्याची शक्यता अधिक, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विजेचे काम शिकलेल्यांसाठी केंद्र सरकारचे ६०० तासांचे ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणही आहे.

कंदील द्यायचेच असतील तर थोडे द्यावेत आणि घरटी नाममात्र का होईना, रक्कम घ्यावी. तीच रक्कम वस्तीच्या दुरुस्ती-खात्यात जमा करावी. पैसे घेतल्याने दानाचे पुण्य उणे होते, असे आपणास वाटू शकेल. पण पैसे मोजणारी बाई कंदील बंद पडला तर तक्रार करते, आणि फुकट मिळालेल्याबद्दल तक्रार कशी करावी, या संकोचाने पुष्कळजणी तो बंद कंदील तसाच खुंटीला टांगून ठेवतात. तिला तक्रार करण्याचा अधिकार देणे, हाही आपल्या देणगीचाच भाग आहे, अशी माझी श्रद्धा आहे. खरेदीपूर्वी दुकानदाराला एवढेच विचारावे : बॅटरी वेगळी मिळते का, ती बदलण्यासाठी कंदील साध्या पेचकसाने उघडता येतो का? उत्तर नाही असेल तर नाव कितीही मोठे असले तरी तो घेऊ नये.

प्रश्न : ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत मी अर्ज केला आहे. सरकारच पंप देत असेल, तर सामाजिक उद्योजकाची गरज काय?
— एक शेतकरी, शिरूर तालुका

उत्तर : आपण अर्ज केला, हे उत्तम झाले. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरून, जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी देता येते, रात्री विजेरी घेऊन बांधावर जाण्याचे आणि सर्पदंशाचे भय टळते, हा मोठाच दिलासा आहे. पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादारावर असते. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.

सरकारची योजना ज्याच्या नावावर शेत आणि पाण्याचा स्रोत आहे, त्याच्यापर्यंत पोहोचते. ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा कातकरी वस्त्या, पाण्यासाठी दोन डोंगर उतरणाऱ्या बायका, चार-पाच अल्पभूधारकांनी मिळून एक पंप वापरण्याची गरज, ही कामे मागे राहतात. उद्योजकाने तिथे जावे. आपल्या पंपाविषयी एक सावधगिरी सुचवते. ऊन फुकट असल्याने पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो आणि शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात त्याने विहीर लवकर तळ गाठते. ठिबक सिंचन सोबत बसवावे आणि विहिरीतील पाण्याची पातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजावी.

प्रश्न : आमच्या संस्थेने वस्त्यांवरील चाळीस बॅटऱ्या बदलल्या. जुन्या बॅटऱ्या भंगारवाला चांगल्या भावाने मागतो आहे. द्याव्यात का?
— एक कार्यकर्ता, भोर

उत्तर : नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याला देऊ नयेत. असे लोक बॅटरी उघड्यावर फोडतात, आम्ल ओढ्यात ओततात आणि शिसे भट्टीवर वितळवतात. त्या धुराने आणि मातीत उरलेल्या शिशाने सर्वाधिक हानी लहान मुलांची होते, कारण त्यांच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. स्वच्छ ऊर्जेचे काम करणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने हे विष दुसऱ्या वस्तीच्या दारात पाठवू नये.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्या विक्रेत्याकडून नव्या बॅटऱ्या घेतल्या, त्याच्याकडे आधी लेखी मागणी करावी. शिशाला भाव असल्याने तो बहुधा परतीची किंमतही देतो. तो टाळाटाळ करू लागला, तर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्यातील कार्यालयात मिळते. तोवर बॅटऱ्या उभ्या, झाकणे घट्ट लावून, पावसापासून दूर आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी लाकडी फळीवर ठेवाव्यात. वाहतुकीआधी आम्ल ओतून टाकून वजन हलके करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मिळालेल्या रकमेची पावती त्या त्या वस्तीच्या नावाने फाडावी आणि पैसे त्या वस्तीच्या दुरुस्ती-खात्यातच भरावेत, कारण बॅटरीचे हप्ते त्यांनी फेडले आहेत.